काकांचे डायनासोर पडत नाहीत

पार्सिपनीला आम्ही ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, ते काका पहिल्याच दिवशी दारात मला म्हणाले, "हात पुढे धर बघू." माझ्या कडेवर पोरगी, खांद्याला बॅग, पायात ओले बूट, मला वाटलं अमेरिकेत घर भाड्यानं देताना पण बोटांचे ठसे घेत असतील, विमानतळावर घेतलेच होते, म्हणून मी घाबरून हात पुढं केले, तळवे खाली.

"चूक," काका म्हणाले. "हे पेटी वाजवायचे हात झाले. टाळी वाजवायची असल्यासारखे धर. तळवे समोरासमोर. हां. मांसाहारी डायनासोरचे हात असे असतात. दुकानवाले सगळीकडे पेटीवाले विकतात."

आमचे हे मागून बॅगा ओढत आले तर बायको घरमालकासमोर टाळी वाजवायच्या तयारीत उभी. ह्यांनी बॅगा आत घेतल्या. घर मिळालं होतं.

काका आयुष्यभर औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होते, कोणत्या गोळीत काय किती ते तपासायचे. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, भाजी लावतात, नाहीतर मुलाकडं जाऊन सुनेला सल्ले देतात. काकांनी डायनासोर आणले. खेळणी म्हणायचं नाही. मी एकदा म्हणलं होतं, तर काकांनी मला खुर्चीत बसवून पाणी दिलं, म्हणजे बातमी वाईट असल्यासारखं, आणि म्हणाले, "मॉडेल म्हणायचं. सायंटिफिकली अ‍ॅक्युरेट मॉडेल." आता त्या मॉडेलच्या खोक्यावर तीन वर्षांच्या वरच्या मुलांसाठी असं मी स्वतः वाचलं होतं, इंग्रजी मला तेवढं येतं, पण मी पाणी पिऊन गप्प बसले. मी बारावीला दोनदा बसले आणि दोनदा तशीच उठले, आपण कशाला बोला.

काकू बोलायच्या. "आमच्या घरात जिवंत दोघंच," त्या फोनवर सगळ्यांना सांगायच्या, "बाकीचे सगळे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गेले, पण अजून जागा सोडत नाहीत."

"सगळे नाही," काका आतून ओरडायचे. "ज्युरासिकवाले त्याच्याही आधी गेले."

"ऐकलंस?" काकू फोनमध्ये. "सुतक पण वेगवेगळं."

खालच्या मोठ्या खोलीत, जिथं लोक टीव्ही ठेवतात, तिथं हे सगळं मांडलेलं. वाळू, दगड, नेचे. गवताचं एक पातं नाही, कारण काका म्हणायचे ज्युरासिकमध्ये गवत नव्हतंच, आणि दुकानातून आलेल्या सेटमधलं हिरवं प्लॅस्टिकचं गवत त्यांनी चिमट्यानं एक एक करून उपटलं होतं. अंगणातलं खरं गवत कंबरेला लागत होतं, गवत कापा म्हणून टाउनशिपची नोटीस आली होती, त्याला हात नाही. आणि ह्यांची अ‍ॅक्युरसी तरी एका जागी थांबते का, तर तेही नाही. आफ्रिकेत कुणाला तरी एका डायनासोरची शेपूट सापडली, ती निघाली वल्ह्यासारखी चपटी, आणि इकडं पार्सिपनीत काका दोन दिवस जेवले नाहीत. त्या जातीचे तीन होते त्यांच्याकडं, तिघांच्या शेपट्या दोरीसारख्या. तिघं गॅरेजमध्ये गेले. गॅरेजला काका पेन्शनर्सचा कट्टा म्हणायचे.

मी सगळ्याला भ्यायचे तेव्हा. दाराची बेल वाजली की भ्यायचे, पत्र आलं की भ्यायचे, कोणी 'हाउ आर यू' म्हणलं तरी मला वाटायचं आता उत्तर चुकलं तर व्हिसा जातो. आणि एक दिवस खिडकीतून बघते तर काका ड्राइव्हवेमध्ये कमरेत वाकून, डोकं पुढं, हात छातीशी, मागं पँटच्या पट्ट्यात काकूंचा फरशी पुसायचा मॉप खोचलेला, असे पावलं टाकतायत. समोरच्या गोऱ्या बाईनं पडदा ओढला. मला वाटलं आली पोलिसांची गाडी, आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं म्हणून आम्हालाच विचारणार.

मी खाली पळाले. "काका, आत चला ना, लोक बघतायत."

"बघू दे. शेपूट जमिनीवर नाही, हवेत. कळलं? कमरेत तोल. पुढं डोकं, मागं शेपूट, तराजू. शंभर वर्षं लोकांनी ह्यांना कांगारूसारखं बसवलं."

"काकू मॉप शोधतायत."

"सांग तिला, शेपूट आहे म्हणून."

आता हा तोल नीट समजून घ्या, कारण काकांचा सगळा मोठेपणा तिथंच होता. दोन पायांवरचा डायनासोर खरा केला, म्हणजे शेपूट हवेत, पाऊल बारीक, तर खेळणं उभंच राहत नाही. पडतं. म्हणून कंपन्या पायाचे तळवे बदकासारखे मोठे करतात, नाहीतर पोटाखाली पारदर्शक काडी देतात टेकायला. काकांना ती काडी दिसली की अंगावर काटा यायचा. "जंगलात कोण काडी धरून उभं होतं?" त्यांचे सगळे काडीशिवाय उभे. एकही पडत नाही.

हे बघायला शनिवारी सकाळी डग यायचा. डग म्हणजे काकांच्याच कंपनीतला जुना, उंच, म्हातारा, पांढऱ्या मिशा, त्याच्याही घरी असाच बाजार. तो गुडघ्यावर बसून, गाल वाळूला टेकवून काकांच्या डायनासोरच्या पोटाखाली बघायचा, काडी आहे का. नसायची. मग उठून गुडघे झाडायचा आणि म्हणायचा, माझे का पडतात? काका चहा ढवळत म्हणायचे, "पोश्चर, डग. इट्स ऑल पोश्चर." एवढं बोलून झालं की काकांचं वजन वाढल्यासारखं दिसायचं.

पाय सरळ करायचं कामही होतं. ते रबरासारखं प्लॅस्टिक खोक्यात वाकडं होतं, ते गरम पाण्यात घालायचं, वळवायचं, मग बर्फात. एकदा काकू म्हणाल्या, "अगं, दूध वर आलं का बघ." मी पातेल्यावरचं झाकण उचललं तर आतून एक तोंड, सगळे दात, वाफेतून माझ्याकडं बघतंय. मी अशी ओरडले की वर झोपलेली पोरगी उठली.

"झाकण ठेव!" काका धावत आले. "घोटा सरळ होतोय."

"माझं दुधाचं पातेलं आहे ते!" काकू.

"मग दूध दुसऱ्यात तापव."

"दुसऱ्यात काल कोण होतं?"

काकांनी झाकण ठेवलं. दुसऱ्यातही कोणीतरी होतं. त्याच सुमारास काकूंचे लोखंडी बेकिंग ट्रे पण हरवले होते. नानकटाई कशात करायची म्हणून त्या सगळ्यांना विचारत होत्या, काका सगळ्यांबरोबर स्वतःही शोधत होते, कपाटं उघडून, वाकून, अगदी मनापासून.

चिमी माझी मुलगी, तेव्हा तिला तीन पुरी व्हायची होती. तिच्या वाढदिवसाला मी हौसेनं डायनासोरचा केक सांगितला, घरमालक खूश होतील म्हणून. केकवर दोन होते, एक मोठ्या दातांचा, एक पाठीवर पापड लावल्यासारखा. गाणं सुरू झालं आणि काकांनी हात वर केला. सगळे थांबले. काकांनी तो पापडवाला केकमधून उपटला, कागदाच्या प्लेटमध्ये ठेवला, आणि ती प्लेट पार तिकडं फ्रिजवर ठेवून आले. "ह्या दोघांची कधी भेट झाली नाही," ते पाहुण्यांना म्हणाले. "ह्यांच्यात जेवढ्या वर्षांचं अंतर आहे तेवढं त्या दातवाल्यात आणि आपल्यात पण नाही. हां, म्हणा आता."

मग म्हणलं आम्ही हॅपी बर्थडे.

"काका, लहान आहे हो ती," मी नंतर म्हणलं.

"म्हणूनच. आता खोटं शिकवायचं आणि कॉलेजात गेल्यावर खरं? मुलांशी पहिल्यापासून खरं बोलायचं."

पण चिमीला ते खाली बसू द्यायचे, हे मला सांगायलाच पाहिजे. बाकी कोणाच्या पोराला उंबरठ्याच्या आत नाही. चिमीचे हात धुऊन, पुसून, वास घेऊन आत घ्यायचे. ती डायनासोर दोन्ही हातांनी कमरेत उचलायची, त्यांनी शिकवलं तसं. मला तेवढाच वेळ पोळ्या लाटायला मिळायचा. मी इथं कोणालाच ओळखत नव्हते, माझी पोरगी तासभर ज्याच्याजवळ निवांत ठेवावी असं माणूस मला हे एकच मिळालं होतं, मॉपची शेपूट लावणारं.

मग एका शनिवारी हे ऑफिसला गेले होते, काहीतरी बंद पडलं होतं तिकडं. डग आलेला. आदल्या दिवशी काकांनी डगसाठी म्हणून सगळ्या दोन पायवाल्यांना गरम पाण्याची अंघोळ घातली होती, पाय एकदम ताठ. मी चिमीला जेवायला न्यायला खाली आले, तर दाराजवळ गालिच्यावर पिसांचा एक छोटा डायनासोर आडवा पडलेला.

काकांचा डायनासोर आणि पडलेला, हे मी कधी बघितलंच नव्हतं. उचलला. पाय चावलेला, ओला. आणि तळव्यांना खाली दोन भोकं, अगदी गोल, मशिनीनं पाडल्यासारखी.

"काका," म्हणलं, "ह्याच्या पायाला भोकं कशाची?"

काकांनी माझ्या हातातून तो घेतला. बघितला. मग डगकडं बघितलं. डग तिकडं गाल वाळूला लावून बसला होता. काकांनी तो डायनासोर सावकाश कोटाच्या खिशात घातला.

"काही नाही," म्हणाले.

"काही नाही म्हणजे? त्यात काही होतं का?"

काका बोलले नाहीत. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, पण तव्यावरची पोळी फुगून, करपून, धूर निघेल एवढा वेळ मला वाटला. मी त्यांच्या तोंडाकडं बघतेय, ते भिंतीकडं बघतायत, मग मीच खाली बसले आणि चिमीचं तोंड उघडून बोट फिरवलं. "चिमी, काय घातलंस तोंडात?"

"टिकली," चिमी म्हणाली.

"कुठाय टिकली?"

चिमीनं फ्रॉक वर केला आणि पोट दाखवलं.

"मॅग्नेट," काका म्हणाले. आणि मग डगकडं वळून, मोठ्यानं, इंग्रजीत, म्हणजे मला पण कळलं, "देअर आर मॅग्नेट्स इन द फीट, डग. इन ऑल ऑफ देम."

डग उठला. काकांनी वाळूत हात घातला, वाळू सारली, आणि खालून काकूंचा बेकिंग ट्रे निघाला. काकू दारात होत्या. ट्रेकडं बघितलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत, एवढ्या वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच. सरळ फोनकडं गेल्या आणि अ‍ॅम्ब्युलन्ससाठी नाइन वन वन लावला.

आता किती गेलेत पोटात ते कळायला पाहिजे होतं, तर काका एकेक डायनासोर उचलायला लागले. उचलायचा, उलटा करायचा, तळवे डगसमोर धरायचे. त्यात लोहचुंबक, त्यात लोहचुंबक, त्यात पण. एवढी वर्षं पोश्चर पोश्चर करून ज्याला छळलं त्याच्या पुढ्यात सगळी फौज पाय वर करून पडली. डग हसला पण नाही, त्याच्या बाजूचे तो पण उलटायला लागला. शेवटी हिशोब लागला, दोनच नव्हते, त्या पिसांच्या डायनासोरचे. ट्रेला चिकटलेत का बघितलं. नव्हते. आदल्या दिवशीच्या गरम पाण्यानं डिंक सुटला होता, आणि उरलेलं काम चिमीच्या दातांनी केलं.

"गिळले तर पडतील ना बाहेर? शेंगदाण्यासारखे?" मी विचारलं. मला वाटलं हो म्हणतील.

काकांनी एका पायातलं चुंबक नखानं काढलं, मला दाखवायला, केवढं आहे ते. ते त्यांच्या बोटातून उडालं आणि ट्रेवर दुसरं एक पडलं होतं त्याला जाऊन बसलं. टक्. एवढाच आवाज. काका म्हणाले, "एक असतं तर पडलं असतं. दोन असली की एकमेकांना शोधतात. मधे आतडं सापडलं तरी..." मी चिमीला कडेवर घेतलं.

अ‍ॅम्ब्युलन्सला मी भ्यायचे, रस्त्यानं गेली तरी कान झाकायचे. त्या दिवशी आत बसले, चिमीला धरून, आणि चिमी खिडकीतून दिवे बघून खूश. मागून डगच्या ट्रकमधून काका-काकू. काकांच्या हातानं गाडीची किल्ली लागत नव्हती, म्हणून डगनं घेतलं त्यांना.

एक्स-रेत दोन टिकल्या दिसल्या, पांढऱ्या, अजून पोटातच, पुढं सरकल्या नव्हत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या झोपवून, तोंडातून नळी घालून आत्ताच काढू, आत्ताच, थांबायचं नाही. मी सही केली. काय वाचलं नाही, मला वाचताच येईना, मराठीत असतं तरी आलं नसतं.

बाहेर आम्ही बसलो. हे पोचले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली, काकांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काका, आम्ही घर सोडतोय." काका म्हणाले, "हो." काकूंनी ह्यांना हाताला धरून खाली बसवलं. तिथं भिंतीवर मुलांसाठी रंगवलेला डायनासोर होता, हिरवा, शेपूट जमिनीवर, हात पेटीवर, दात सगळे बाहेर, आणि काका त्याच्या बरोबर खाली बसले होते, त्यांनी एकदा मान वर करून बघितलं असेल, तेवढंच. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता फेडता येणार नाही, अर्धं आठवतच नाही.

डॉक्टरबाई टोपी न काढताच आल्या. हातात प्लॅस्टिकची छोटी डबी, आत दोन टिकल्या एकमेकींना पाठ लावून. "शी इज फाइन," म्हणाल्या, आणि ह्यांनी मला धरलं. मग त्यांनी विचारलं, लोहचुंबक आहे हे कोणी सांगितलं? लोक येतात, प्लॅस्टिकचं काहीतरी गिळलं म्हणतात, आम्ही पण वाट बघतो, दोन दिवस जातात, आणि मग आतड्याला भोक पडून येतात. तुम्ही वेळेत आलात.

मी काकांकडं बोट दाखवलं. दाखवायचं म्हणून नाही, विचारलं म्हणून. डॉक्टरबाईंनी त्यांच्यासमोर हात केला. काकांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात, शेवटी काकूंनी सोडवला.

घर आम्ही सोडलं नाही. कुठं जाणार होतो? पुढं ह्यांची नोकरी चँडलरला झाली तोपर्यंत तिथंच होतो. काकांनी चुंबकं सगळी काढून टाकली आणि खालच्या खोलीत दोन पायवाले सगळे वाळूत आडवे, पाय एकीकडं, डोकं एकीकडं. "आता कसे अगदी अ‍ॅक्युरेट दिसतायत," काकू म्हणाल्या, "मेल्यावर असेच पडले असणार." डगनं नाताळाला काकांना एक खोकं दिलं, आत नुसत्या पारदर्शक काड्या. काकांनी त्या लावल्या. बेकिंग ट्रे परत आले, त्यातली नानकटाई मी काही खाल्ली नाही.

पण हॉस्पिटलमधून निघतानाचं राहिलं. चिमी माझ्या खांद्यावर झोपलेली, हे गाडी आणायला गेले होते, काकू औषध घ्यायला. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, खिशात हात. त्या खिशात तो डायनासोर होता अजून.

"एक सांगू का तुला?"

"बोला."

"ही मोठी झाली की विचारेल सगळं. तेव्हा... मी थोडा थांबलो होतो ना, बोलायच्या आधी. तेवढं सांगू नकोस तिला."

मला किती बोलता आलं असतं. केकवरचा डायनासोर उपटून नेणारा माणूस, डायनासोरचं एक नख चुकलं म्हणून कंपनीला ईमेल करणारा माणूस. पण बोलले असते तर रडले असते आणि चिमी उठली असती.

चँडलरला इथं एवढं ऊन आहे की काका म्हणतात वाळू खरी आहे तुमच्याकडं, मांडणी तिथंच शोभली असती. फोन करतात, चिमीला 'डायनोआजोबांकडून' म्हणून डायनासोरचं पार्सल पाठवतात, काडीसकट. चिमी आता पहिलीत आहे आणि मराठी ऐकते पण बोलते अर्धंअधिक इंग्रजीच. परवा शाळेत त्यांना शिकवलं, कोणी काही गिळलं तर मोठ्या माणसाला लगेच सांगायचं. घरी आली, दप्तर टाकलं आणि स्टुलावर चढून बसली. मी पोळ्या करत होते.

"आई, व्हेन आय एट द मॅग्नेट्स, डायनोआजोबांनी सांगितलं?"

"हो. त्यांनीच सांगितलं."

"राइट अवे?"

मी पोळी उलटली.

"राइट अवे," म्हणलं. "मी विचारायच्या आधीच."